नानासाहेबांची पाठ

मी पैलवान नाही. हे वाक्य मला आजवर किराणा दुकानात, न्हाव्याकडं आणि एकदा मुलगी बघायला गेलो असताना तिच्या वडिलांसमोर म्हणावं लागलं आहे. विश्वास कुठंच बसलेला नाही. न्हावी तर मानेवर थाप मारून म्हणतो, "अंग राखून ऱ्हावा वैजनाथराव, पुन्हा कधी बोलावणं येईल सांगता येत नाय." माझ्या अंगात राखण्यासारखं काही नाही. सदरा काढला की समोरच्याला आपण काहीतरी खायला द्यावं असं वाटतं. तरीही औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात माझी ओळख 'ते फ्रीस्टाइलवाले' अशी झाली आहे आणि याचा मी इथं लेखी निषेध नोंदवतो.

सगळा दोष शेजारच्या नानासाहेबांचा आहे. नानासाहेब गंगापूरकडचे. घरची शेती, अंगात हत्तीचं बळ, आणि कीर्ती अशी की त्यांची पाठ आयुष्यात कुणी टेकवली नाही. मराठवाड्यात असं मैदान नसेल जिथं त्यांनी फेटा बांधून घेतला नाही. कुस्ती सोडून शहरात राहायला आले तरी पाठीची काळजी सुटली नव्हती. खुर्चीत बसले तरी मागं टेकत नसत. लोक म्हणायचे, ते झोपतातसुद्धा कुशीवर. त्यांच्या पत्नी साळूबाईंना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "व्हय, कुशीवरच. आन् घोरतात मात्र दोन्ही कुशींवर."

हे नानासाहेब मुंबईला एका लग्नाला गेले आणि फ्रीस्टाइल कुस्ती बघून आले. आल्या आल्या त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"वैजनाथराव, दोन जाडे गडी. येक दुसऱ्याला दोरावर फेकतो, त्यो बोंबलतो, आन् पब्लिक तिकीट काढून बघतं. आन् कोन जितनार ते आधीच ठरल्यालं!"

"म्हणजे खोटी कुस्ती?"

"तेच की. म्या इतकी वर्सं खरोखर लढत राह्यलो. कुनी सांगितलंच नाय." त्यांनी आपला मोडका कान चोळला. मग म्हणाले, "आता आपुन परमोटर व्हायचं. सेक्रेटरी तुमी. तुमाला लिवता येतं."

मला लिहिता येतं हे खरं आहे. गणपतीत माझ्या एका नाटकाचा प्रयोग झाला होता. दुसऱ्या अंकात वीज गेली आणि लोक अतिशय समाधानानं घरी गेले. दिवसा मी एका विमा एजंटाकडं कारकुनी करत होतो. अशा माणसाला कुणी सेक्रेटरी म्हटलं की तो मागचा-पुढचा विचार करत नाही.

आता आमच्या वाड्यासमोर आप्पासाहेब राहतात. पोलिस अ‍ॅक्शनच्या आधी ते निजामाच्या कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार होते. अ‍ॅक्शननंतर त्यांची कचेरी गेली, पेशकारी गेली नाही. गल्लीत कुणी काही करायला निघालं की ते आपली टोपी घालून सल्ला द्यायला येतात, आणि सल्ला ऐकून घेतल्याशिवाय टोपी काढत नाहीत.

"मियाँ, पहले दरख्वास्त," ते म्हणाले. "आणि एक नसीहत ध्यानात ठेवा. हाकिमासमोर सगळं सच बोलायचं. झूठ पकडली गेली की मिसल बिघडते, सगळे कागद वाया. मी हजारो मिसली बघितल्यात."

माझी चूक एवढीच की मी आप्पासाहेबांचं ऐकलं.

परवान्याच्या कचेरीतले साहेब म्हणजे हेमचंद्र. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग तिथूनच उडाला होता. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "कुस्ती हा खेळ झाला. खेळाला इथला परवाना लागत नाही. मग ही 'फ्रीस्टाइल' म्हणजे काय?"

इथं 'तीच ती, जरा मोकळी' असं म्हटलं असतं तर आज मी स्वतःच्या पाठीवर झोपू शकलो असतो. पण मला आप्पासाहेबांची नसीहत आठवली.

"साहेब, यात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं."

"कोण ठरवतं?"

"आम्ही."

"पडणारा मुद्दाम पडतो?"

"हो."

"आणि कळवळतो तेही मुद्दाम?"

"मुंबईत तरी तसंच करतात."

साहेबांनी चष्मा घातला. "मग हे नाटक आहे. नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता तपासून घ्यावी लागते. संहिता आणा."

"साहेब, कुस्तीची संहिता?"

"संवादांसह," साहेब म्हणाले. "मुकं नाटक तपासायचं कसं याची आमच्याकडं सोय नाही."

आता कुणीही समजदार माणूस इथं थांबला असता. पण मला खरं सांगायचं तर आनंद झाला. माझं दुसरं नाटक! मी सात-आठ रात्री जागून 'सूड हंगेरीचा' ही तीन अंकी फ्रीस्टाइल कुस्ती लिहून काढली. नायक अर्थात नानासाहेब. खलनायक काउंट व्होल्गा, हंगेरीचा हैवान, तोंडावर काळा बुरखा. पहिल्या अंकात हैवान कपटानं नायकाचा गळा आवळतो आणि त्या अवस्थेत नायकाचं मातृभूमीवर दीड पानांचं स्वगत. दुसऱ्या अंकात, कंसात, 'नायकाची पाठ टेकते.' तिसऱ्यात नायक उसळून उठतो, हैवानाला डोक्यावर उचलून गरागरा फिरवतो आणि फेकतो. पडदा. नायक पडल्याशिवाय उठणार कसा? हे नाट्यशास्त्र आहे, मी शोधून काढलेलं नाही.

साहेबांनी संहिता महिनाभर ठेवून घेतली. परत आली तेव्हा हंगेरी गेली होती. "ते राष्ट्र आपलं मित्र आहे की नाही हे वरून विचारावं लागेल. तोवर हैवान नुसता परदेशचा ठेवा." व्होल्गाही गेली होती, कारण ती नदी आहे. आणि 'वेष : लंगोट' या शब्दांखाली लाल रेघ मारून 'गुडघ्यापर्यंत वाढवावा' असा शेरा होता. बाकी प्रत्येक पानावर शिक्का. मी नाचत घरी आलो आणि नानासाहेबांना नाटक वाचून दाखवलं.

गळा आवळल्यावर बोलायचं कसं, एवढीच शंका त्यांनी पहिल्या अंकात काढली. दुसऱ्या अंकात मी कंस वाचला. आत साळूबाईंचं लाटणं थांबलं.

"कुनाची?" नानासाहेब म्हणाले.

"काय कुणाची?"

"पाठ."

"नायकाची. पण नानासाहेब, ती खोटी..."

"वैजनाथराव, हिंद केसरीच्या तोडीच्या गड्याला जमलं नाय ते तुमी बोरूनं केलं व्हय?"

"पण तिसऱ्या अंकात तुम्ही त्याला..."

"तिसऱ्याचं सोडा. लोकं दुसऱ्यात उठून घरी जातेल आन् गंगापुरात सांगतेल, नाना पडला. काढा ते."

साळूबाई पोळपाट-लाटणं घेऊन बाहेर आल्या. लाटणं कशासाठी आणलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. "दादा," त्या मला म्हणाल्या, "ह्यो मानूस त्या पाठीपायी माझ्या माहेरच्या लग्नात गादीवर टेकला नाय. नवऱ्या मुलाकडचे म्हनले, फोड झालाय का. आन् तुमी येका कंसात निपटवता?"

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "मंजूर संहितेत बदल म्हणजे नवी संहिता. नवा अर्ज, नवी तपासणी." मी म्हटलं, मैदान ठरलंय, मंडप ठरलाय, भिंतींवर जाहिराती लागल्यात, तिकिटं गेलीत. साहेब म्हणाले, "मग आहे तसा प्रयोग करा. मी स्वतः संहिता घेऊन पुढच्या रांगेत बसेन. शब्द इकडचा तिकडं झाला तर प्रयोग तिथंच बंद, आणि तुमच्या प्रमोटरला पुन्हा कधी परवाना नाही."

"आणि पाठ?"

"पाठ मंजूर आहे," साहेब म्हणाले. "ती टेकलीच पाहिजे."

तेव्हापासून नानासाहेब माझ्याशी बोलेनासे झाले. मी ओट्यावर आलो की ते कूस बदलत. आप्पासाहेबांनी तोडगा सुचवला : पाठ टेकते त्या घटकेला दिवे घालवावेत. मी म्हटलं, कार्यक्रम दुपारचा आहे. तर म्हणाले, "सूर्याच्या बाबतीत मी काही सांगू शकत नाही, पण दरख्वास्त द्यायला हरकत नाही."

अशात, हैवानाच्या कामासाठी मुंबईहून बोलावलेल्या गड्याची तार आली : हैवानाला कावीळ. येऊ शकत नाही.

मी पुन्हा कचेरीत. साहेब या वेळी खूश दिसले, कारण उत्तर त्यांना पाठ होतं. "नट बदलला तर चालतो. संहिता बदलली तर चालत नाही."

परदेशचा हैवान औरंगाबादेत मिळत नाही. मग मला फर्दापूर आठवलं. अजिंठ्याची लेणी बघायला गोरे लोक तिथं येतात, आणि ज्यांना चढवत नाही त्यांना गावचे गडी डोलीत बसवून वर नेतात. माझा हिशोब असा की तिथं अंग आणि परदेशी भाषा एकाच माणसात सापडेल. मी एसटीनं गेलो आणि सापडली. सांडू त्याचं नाव. एका अवाढव्य मडमेला खांद्यावरून उतरवून तो बिडी ओढत बसला होता.

"कुस्ती येते का?" मी विचारलं.

"लहानपनी खेळलो की लई."

"परदेशी बोलता येतं?"

त्यानं इंग्रजी, फ्रेंच आणि आणखी एका भाषेत 'हळू बसा, हलू नका, पडताल' असं म्हणून दाखवलं. हैवानाच्या तोंडी हे शोभेल असं मला वाटलं.

पैलवानाला जगात पहिला प्रश्न विचारतात तो 'तालीम कुठली?' मराठवाड्यातलं शेंबडं पोरही हाच विचारतं. मी सांडूला चड्डीचं माप विचारलं. मी लेखक माणूस, माझं लक्ष वेषभूषेकडं होतं. समोर कोण आहे असं त्यानं विचारलं तेव्हा मी मोघम म्हणालो, "आहेत एक जुने. जरा पाठीचे हळवे आहेत." हैवान परदेशचा नाही हे फुटू नये म्हणून मी त्याला थेट मंडपामागं नेलं आणि एसटीतून उतरल्यापासून बुरख्यातच ठेवलं. नानासाहेब बोलत नव्हतेच, त्यामुळं तिकडून चौकशीचा प्रश्न नव्हता.

मैदान फुल्ल. गंगापूरकडून तर ट्रक भरून माणसं आली होती. मांडववाल्याच्या लग्नातल्या गाद्या फळ्यांवर अंथरून रिंगण केलेलं, भोवती नानासाहेबांच्या विहिरीवरचे नाडे, म्हणजे मोटेचे दोर, बांधलेले. हलगी कडकडत होती. पुढच्या रांगेत हेमचंद्रसाहेब मांडीवर संहिता आणि कानावर पेन्सिल घेऊन बसले होते. शेजारी आप्पासाहेब, टोपी घालून.

नानासाहेब रिंगणात आले. गुडघ्यापर्यंत वाढवलेल्या चड्डीत ते शाळेत उशिरा घातलेल्या मुलासारखे दिसत होते. पण चेहरा मी विसरणार नाही. फाशी जाणारा माणूसही एवढा गंभीर नसतो, कारण त्याला पाठ टेकावी लागत नाही. साळूबाई बायकांच्या बाजूला पदर तोंडात धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडं एकदा बघून नानासाहेबांनी वाकून गादीला हात लावला, हात कपाळाला नेला आणि सवयीनं ललकारी दिली, "बद्रीनाथ वस्तादाचा इजय असो!"

त्याच क्षणी पलीकडून परदेशचा हैवानही गादीला हात लावून उठला आणि बुरख्यातून गर्जला, "बद्रीनाथ वस्तादाचा इजय असो!"

हलगी थांबली.

"कोन रं तू?" नानासाहेब म्हणाले.

"तुमी कोन?"

"म्या गंगापूरचा नाना."

हैवानानं बुरखा उपटून काढला. "नानाभाऊ! म्या सांडू! फर्दापूरचा! वस्तादाकडं येक साल नव्हतो का तालमीत, तुमच्या भाकरी चोरून खायचो त्यो!"

"आरं तू व्हय! किती सुटलास!"

सांडूनं नानासाहेबांचे पाय धरले, नानासाहेबांनी त्याला उठवून छातीशी लावलं आणि दोघं रिंगणाच्या मध्यात मांडी घालून बसले. एका तालमीचे, एका वस्तादाचे पठ्ठे म्हणजे गुरुभाऊ. गुरुभाऊ मैदानात एकमेकांवर हात टाकत नाहीत, मग खरी कुस्ती असो की खोटी. हे मला ठाऊक नव्हतं. बाकी साऱ्या मैदानाला ठाऊक होतं.

"नाय लागायची ही कुस्ती!" मागून कुणीतरी ओरडलं. "गुरुभाऊ हाईत ते!"

"सोडवा! सोडवा!"

सोडवायला दोघं लढत नव्हतेच. "माय कशी हाय?" असं नानासाहेब विचारत होते. नानासाहेबांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी पाहिली नव्हती. साळूबाईंनी पदर तोंडातून काढला. मलाही, का खोटं बोला, गहिवरून आलं. तेवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची सरकली.

"हे संवाद संहितेत नाहीत," हेमचंद्रसाहेब उभे राहून म्हणाले.

मी धावत गेलो. साहेबांना रिवाज समजावला. साहेब म्हणाले, रिवाजाचा त्यांना आदर आहे, मात्र रिवाजावर शिक्का नाही. प्रयोग मंजूर संहितेनुसार झाला नाही तर ते आत्ता मैदान रिकामं करवतील. तिकिटं काढून ट्रकनं आलेल्या गंगापूरकरांना ते कोण सांगणार, हा माझ्या मनातला प्रश्न मी बोलून दाखवला.

"नायकाच्या जागी दुसरा नट घ्या," साहेब म्हणाले. "नट बदलला तर चालतो."

"संहिता कुणाला पाठ आहे आयत्या वेळी?" मी तुच्छतेनं म्हणालो.

आप्पासाहेबांनी टोपी काढली. त्यांच्याकडं द्यायला सल्ला उरला नव्हता, त्यांनी नुसतं माझ्याकडं बोट केलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्या गावानं पाहिलं आहे. मला नानासाहेबांची चड्डी घातली आणि ती काखेखाली नाडीनं बांधली. रिंगणात आलो तेव्हा गंगापूरकर हसले नाहीत. ते हळहळले. हसले असते तर चाललं असतं.

सांडूनं माझा गळा धरला. "बोला साहेब तुमी," तो कानात म्हणाला, "म्या मडमेला धरतो तसा धरतो." मी मातृभूमीवर बोलू लागलो. दीड पान! कोणत्या गाढवानं दीड पान लिहिलं होतं! पानाच्या शेवटी साहेबांनी पेन्सिल वर केली : "एक ओळ गाळलीत. पुन्हा पहिल्यापासून." प्रेक्षकांतून एक म्हातारा ओरडला, "आरं सोडा त्याला, मरंल त्यो!" हा माझ्या नाट्यजीवनातला एकमेव उत्स्फूर्त प्रतिसाद.

दुसरा अंक. सांडूनं मला उचललं, "माफ करा," म्हणाला आणि खाली घातलं. लग्नातल्या गाद्यांत कापूस कुठं कुठं असतो याची मांडववाल्यानं चौकशी केली पाहिजे. मी पडलो तिथं नव्हता. फळी होती. साहेबांनी समाधानानं खूण केली.

तिसरा अंक. नायक हैवानाला डोक्यावर उचलतो. मी सांडूकडं पाहिलं, सांडूनं माझ्याकडं पाहिलं. डोली वाहून वाहून त्याला ओझ्याची पारख होती. तो म्हणाला, "नाय व्हायचं."

तेव्हा नानासाहेब नाडे बाजूला सारून आत आले. "उचलनं म्हंजी काय कुस्ती हाय का?" त्यांनी मैदानाला विचारलं. मैदान म्हणालं, नाय. त्यांनी सांडूला पोत्यासारखा उचलला आणि माझ्या वर केलेल्या हातांवर धरला, असा की नुसती सांडूची चड्डी मला लागेल.

"वैजनाथराव," दोन महिन्यांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, "सोडू का?"

"नानासाहेब, नको!"

"कसं वाटतं? लिवताना कसं वाटलं व्हतं?"

"फिरवा!" साहेब खालून म्हणाले. "गरागरा लिहिलंय."

आम्ही फिरलो. म्हणजे नानासाहेब सांडूला घेऊन फिरले आणि मी खाली हात वर करून पळत होतो. मग फेक. साहेबांनी संहिता मिटून 'पडदा' असं म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांच्या धक्क्यानं का कशानं, नानासाहेबांचं ढोपर मला लागून मी पुन्हा उताणा झालो. मी साहेबांना पडल्या पडल्या म्हणालो, हे संहितेत नाही. साहेब म्हणाले, पडद्यानंतर काय होतं याच्याशी कचेरीचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरात पालथा पडलो होतो. साळूबाई हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या आणि माझी आई यमुनाबाई त्यांना कुठं कुठं लावायचं ते दाखवत, अधूनमधून माझ्या अकलेबद्दल बोलत होती. नानासाहेब येऊन बसले. आता ते पूर्वीसारखे प्रेमळ झाले होते.

"पडल्यानं पाठीला काय व्हत नाय, वैजनाथराव. आंग सैल सोडून पडावं. हनुवटी छातीला. तळहात आधी टेकवायचे."

"तुम्हाला काय माहीत?" मी उशीत तोंड खुपसून म्हणालो. "तुम्ही जन्मात कधी पडलात?"

नानासाहेब साळूबाईंकडं बघू लागले. साळूबाईंचा हात माझ्या पाठीवर थांबला.

"आता म्हंजी," ते म्हणाले, "तालमीत रोजच पडायचो की. वस्तादानं पैले दोन सालं नुसता पाडलाच. हा सांडू पन पाडायचा, लहान व्हता तरी."

मी उठून बसलो. उठता येत नव्हतं तरी बसलो. "पडायचात? रोज? मग त्या एका ओळीसाठी दोन महिने अबोला? मला रिंगणात काय म्हणून..."

"तालमीतलं धरत नाय," नानासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमचं मैदानात झालं. ते धरतात."